पेटी कोण वाजवत होतं

माझं डोकं लवकर तापतं. हुमनाबादला आमचं कापडाचं दुकान आहे. एखादं गिऱ्हाईक ढीगभर साड्या उलगडून ‘पुन्हा येते’ म्हणत उठलं की नवरा मला घाईघाईने आत चहा टाकायला पाठवतो. तेवढ्या चहाबरोबर माझा राग उतरतो. पण गुलबर्ग्याच्या मॉलमधल्या टॉकीजमधून त्या दिवशी जो राग घेऊन मी बाहेर पडले, तो चहाने उतरणारा नव्हता. महिने झाले, अजून उतरलेला नाही. बसस्टँडच्या भिंतीवर त्या पिक्चरचं अर्धं फाटलेलं पोस्टर आहे. येता-जाता मी त्याच्याकडे बघते आणि मनातल्या मनात शिव्या घालते.

लोक म्हणतील, एका पिक्चरवर एवढं काय चिडायचं? आवडला नाही तर सोडून द्यायचा. मीही सोडून दिला असता. पण त्या पिक्चरपाशी आमच्या घरचं फार मोठं काहीतरी अडलेलं होतं. ते आधी सांगते.

अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, हुलसूरला असते. आमचं माहेर दुबलगुंडी. लहानपणी आम्हा दोघींना पिक्चरचं भयंकर वेड, आणि अडचण अशी की दोघींना एकदम कधी सोडायचे नाहीत. घरी म्हशी, धाकटा भाऊ, चूल. हुमनाबादच्या टॉकीजला कुणी मावशी-काकू निघाल्या की त्यांच्यासोबत एकीला धाडायचे. मग जी जाऊन यायची तिने दुसरीला पिक्चर सांगायचा. तुरीत खुरपताना, मुगाच्या शेंगा तोडताना, सगळाच्या सगळा.

त्याचे कायदे होते. पुढचं मागे आणि मागचं पुढे करायचं नाही. गाणं आलं की गुणगुणून दाखवायचं, मग ते कानडी असो, तेलुगू असो की हिंदी. चाल चुकली तर चुकली, गाळायचं नाही. आणि सगळ्यांत कडक कायदा इंटरवलचा. इंटरवल आला की सांगणारीने तोंड मिटायचं. आता ऐकणारीने पुढे काय होणार ते सांगायचं. खुनाचा पिक्चर असेल तर खुनी कोण, त्याचं नाव घ्यायचं. चुकलं तरी हरकत नाही, पण नाव घेतल्याशिवाय उरलेला पिक्चर मिळायचा नाही. हा कायदा अक्कानेच केलेला. फुकटचं ऐकायचं न्हाई, डोस्कं चालवायचं, असं ती म्हणायची.

एकदा मी हट्टाला पेटले. अक्का पाहुण्यांबरोबर पिक्चर बघून आली होती आणि मी म्हशी राखत मागे राहिले होते, त्याचा राग. तिने इंटरवलपर्यंत सांगितलं आणि मी नावच घेईना. आज नाही, उद्या नाही. गंमत अशी, की जीव माझा नाही, तिचा खाली-वर व्हायला लागला. खुनी कोण हे पोटात ठेवून ती घरभर फिरायची. भाकरी थापताना विचारायची, विहिरीवर विचारायची. शेवटी पंचमीला झोक्यावर माझी वेणी धरून म्हणाली, “घे की गं एकदा कुणाचं तरी नाव.” पिक्चर सांगणाराला ऐकणारापेक्षा जास्त घाई असते, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे लग्नं झाली, पोरं झाली, दोघींच्या केसांत पांढरं आलं, तेव्हा कुठे एकत्र पिक्चरला जायची मोकळीक मिळाली. त्या पोस्टरवरच्या पिक्चरचा पहिला भाग आम्ही दोघींनी बिदरला शेजारी शेजारी बसून बघितला.

काय पिक्चर होता तो! एका गावातल्या म्हाताऱ्या गवईबुवांचा खून होतो. खोली आतून बंद. शोध लावायला येतो एक पोट सुटलेला डिटेक्टिव्ह. खिशात बडीशेपेची पुडी, पायात झिजलेल्या चपला. त्याच्याकडे पिस्तूल नव्हतं. तो लोकांच्या ओट्यावर जाऊन बसायचा, चहा मागून घ्यायचा आणि विचारायचा. विचारून झालं की बडीशेप चघळत गप्प बसायचा. तो गप्प बसला की अख्खं टॉकीज गप्प बसायचं. शेवटी तो बुवांच्या तरुण शिष्याला धरतो. शिष्य ‘मी नाही केलं’ म्हणत तुरुंगात जातो. सगळं आटोपलं म्हणून डिटेक्टिव्ह बुवांच्या घराला कुलूप लावायला जातो, आणि त्याच बंद खोलीतून पेटीचा सूर येतो. बुवांचीच चाल. तो दार ढकलतो. आत कोण आहे ते आपल्याला दिसत नाही, फक्त त्याचं तोंड दिसतं. आणि पडदा काळा. वर अक्षरं, दुसऱ्या भागात भेटू.

अक्का म्हणाली, पेटीवर बुवांची बायको आहे. ती फार पूर्वी नदीत बुडाली असं सुरुवातीला सांगतात, पण तिचं मढं काही सापडलेलं नसतं. मी म्हटलं, कंपाउंडर. तो बुवांना रोज सुई टोचायला यायचा आणि त्याची बोटं कॅमेऱ्याने दोनदा उगीच दाखवली नव्हती. बिदरपासून भालकीपर्यंत आम्ही बसमध्ये भांडलो. कंडक्टर म्हणाला, अम्मा, घरचं भांडण घरी करा. आम्ही त्यालाही गोष्ट सांगून विचारलं. तो म्हणाला, शिष्यानेच मारलं.

मग अक्काच्या किडन्या गेल्या.

आठवड्यातून दोनदा भाचा, म्हणजे तिचा मुलगा, तिला गाडीतून बिदरला डायलिसिसला नेतो. अंधारात निघायचं, दिवस मावळता यायचं, आणि दुसरा दिवस नुसतं पडून काढायचा. पाणी घोटाघोटाने. आंबा बंद, हुरडा बंद. एके दिवशी ती गाडीत बसेना. पुरे झालं, म्हणाली, मला माझ्या घरात राहू द्या. भाचा रडला, सुनेने पाय धरले. मला फोन आला तशी मी हुलसूर गाठलं आणि आजारी माणसाशी भांडू नये इतकं तिच्याशी भांडले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. बऱ्याच वेळाने वळली.

“बरं,” ती म्हणाली. “ती पेटी कोण वाजवत होतं तेवढं कळू दे. दुसरा भाग येईस्तोवर तुमची मशीन. त्याच्यानंतर मला गाडीत बस म्हणायचं न्हाई. कुणीच.”

भाचा हसला, सून डोळे पुसत हसली. मला हसू आलं नाही. ती बोलते तसंच करते, हे मला माहीत होतं.

तेव्हापासून त्या दुसऱ्या भागाची तारीख पुढे ढकलली की मला आनंद व्हायचा. नटाचा पाय मोडला, तारीख पुढे. पुन्हा कसला तरी वाद, पुन्हा पुढे. मारुतीला नारळ फोडायचा तेवढा राहिला होता. पण कधीतरी तो येणारच होता. आला. मी लपवलं असतं, पण नातवाच्या फोनवर अक्काने त्याची जाहिरात बघितली आणि मला निरोप धाडला. टॉकीजमध्ये तीन तास बसणं तिला जमणार नव्हतं. तू बघून ये, अन् रीतीनं सांग, असा तिचा हुकूम होता.

माझी लेक गुलबर्ग्याला नोकरी करते. तिने तिकिटं काढली. मी तिथे पिक्चर बघायला बसलेच नव्हते, पाठ करायला बसले होते. आणि काय पाठ करणार, कपाळ! नावं पडून पाच मिनिटं झाली नाहीत तोवर बुवांचं घर बॉम्बने उडवलं. जिना, खोली, पेटी, सगळं एका दणक्यात. माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, अगं बाई, पेटी! पुढच्या रांगेतली पोरं वळून हसली. नंतर अख्ख्या पिक्चरमध्ये कुणी पेटीचा ‘प’ काढला नाही.

डिटेक्टिव्हचं पोट गायब. दंड असे फुगलेले, की त्यात हवा भरली असावी. बडीशेप गेली, चपला गेल्या, दोन्ही हातांत पिस्तुलं. ज्या माणसाने पहिल्या भागात अर्ध्या गावाचा चहा प्याला, त्याने इथे एका माणसाला एक प्रश्न विचारला नाही. विचारायची गरजच काय? तो ज्याला त्याला गच्चीवरून उलटा टांगतो आणि तो घडाघडा बोलतो. हे काय डिटेक्टिव्हचं काम? हे तर कुणीही दांडगट करील. मग गाड्या, मग बोट, मग हेलिकॉप्टर, मग बर्फाचा कुठलातरी मुलुख. तिथे का गेले, ते मी लेकीला विचारलं. ती म्हणाली, मघाशी सांगितलं ना. कधी सांगितलं? एका माणसाचं तोंड नीट बघावं तोवर दुसरं तोंड, त्याच्यावर तिसरं. आवाज तर असा की छातीत धडधडायला लागलं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत.

आणि इंटरवल? एक गाडी पुलावरून उडाली, हवेत थांबली, आणि दिवे लागले. मी तशीच बसून राहिले. आता अक्काला मी काय विचारू? कुणाचं नाव घे म्हणू? गाडी खाली पडेल की न्हाई, सांग, असं?

एक जागा मात्र खरी होती. खोटं बोलणार नाही. मार खाऊन डिटेक्टिव्ह एका जिन्यावर बसतो आणि नकळत खिसा चाचपतो. पुडी नसते. तो रिकामा हात बघतो. तेवढ्यात मला तो जुना माणूस दिसला आणि माझे डोळे भरले. पण लगेच जिन्यावर कुणीतरी गोळीबार केला. मला वाटतं, पिक्चर काढणाऱ्याला माणूस गप्प बसलेला बघवतच नाही.

शेवटी काळा चष्मा लावून डिटेक्टिव्ह म्हणाला, खरा खेळ आता सुरू, आणि वर अक्षरं आली, तिसऱ्या भागात भेटू. पोरांनी शिट्ट्या मारल्या. बुवांचा खून कुणी केला, कुणाला पत्ता नाही. तो बिचारा शिष्य अजून तुरुंगात सडतोय, त्याची कुणाला आठवण नाही. डोंगर पोखरला, आणि उंदीर तरी कुठे निघाला?

जिन्यावरून उतरताना लेक खूश होती. स्पीड कसला भारी होता, म्हणाली. मी म्हटलं, स्पीड तर पीठगिरणीच्या पट्ट्यालाही असतो. ती म्हणाली, “आई, असले पिक्चर डोकं बाजूला ठेवून बघायचे असतात.” मग चपला ठेवायला देतात तसं डोकं ठेवायचं टोकन तरी द्यायचं होतं तिकिटाबरोबर! मी तिथल्या तिथे आवाज चढवला. लोक बघायला लागले. लेकीला वाटलं, आई पिक्चरवर चिडली आहे. तिला अक्काचा करार ठाऊक नव्हता. मी सांगितलाही नाही.

हुलसूरला जाताना बसमध्ये माझं डोकं फुटायची वेळ आली. मनाने रचून एखादा चांगला दुसरा भाग सांगावा, बुवांच्या बायकोला पेटीवर बसवावं आणि अक्काला जिंकू द्यावं, असंही वाटलं. पण ती जिंकली की सगळं मिटलंच. समाधान झालं म्हणून ती गाडीत बसायचं थांबली असती. आणि खरं सांगावं, तरी दुसरा भाग आलेला होताच. वायदा तेवढाच होता. कशीही गेले तरी पुढे भिंत. इतकी वर्षं तिने ज्याच्यासाठी त्या मशीनला हात दिला, ते या लोकांनी एका बॉम्बने उडवून टाकलं. याचा राग कुणावर काढू?

मी पोचले तेव्हा अक्का खाटेवर टेकून बसली होती. वेणी घालून घेतलेली, तोंड धुतलेलं, टॉकीजला निघाल्यासारखी. भिंतीला तिची बिदरची पिशवी टेकवलेली होती. दुसऱ्या दिवशीची पाळी होती. भाच्याने पिशवी भरून ठेवली होती, आणि अक्काने त्याला सकाळीच सांगितलं होतं की ती परत खुंटीला लाव.

रीतीने सांगायचं ठरवून बसले आणि दुसऱ्याच वाक्याला माझा तोल गेला. मी पिक्चर सांगितला नाही, पिक्चरला शिव्या घातल्या. अक्का ऐकत होती.

“पेटी?” तिने विचारलं.

“उडवली.”

“अन् तो शिष्य?”

“आत हाय अजून. कुणी नाव काढलं न्हाई.”

“डिटेक्टिव्हनं कुणाला काय विचारलं?”

“कुणालाच काय न्हाई, अक्का.”

तिचा चेहरा कितीतरी दिवसांपासून हळद फासल्यासारखा झाला होता. त्याच्यावर रंग चढायला लागला. ती चिडली. माझ्यापेक्षा जास्त चिडली. अर्धी कानडीत, अर्धी दखनीत तिने पिक्चर काढणाऱ्याची सात पिढ्यांची पूजा केली. मग धाप लागून थांबली. मी घाबरत म्हटलं की तिसऱ्या भागात सांगतील बहुतेक.

“तिसऱ्याला मी थांबत न्हाई,” ती म्हणाली.

दारात उभा असलेला भाचा बाहेर निघून गेला. मग अक्का म्हणाली, “पाठीला उशी दे. असा ठेवत्यात व्हय पिक्चर? दुसरा भाग मी सांगते. तू ऐक.”

आणि तिने सांगायला घेतलं. डिटेक्टिव्ह दार ढकलतो तिथूनच. खोलीत दिवा नाही. तो काडी ओढतो, काडी विझते, पेटी थांबते, खिडकी उघडी. मग तो परत गावात ओट्याओट्यावर बसायला लागतो. तिचं ते गाव हळूहळू हुलसूरसारखं होत गेलं. त्याला भजी देणारा हॉटेलवाला मी ओळखला. शिष्याची आई रोज तुरुंगाच्या फाटकाशी डबा घेऊन उभी राहते, हेही तिने घातलं. गाणं आलं तेव्हा गुणगुणली, तिचा सूर अजून पक्का आहे. दुपार कलली, सून दोनदा औषध घेऊन आली आणि अक्काने तिला हातानेच थांब म्हणून सांगितलं. मी खुरपायला बसलेल्या पोरीसारखी ऐकत होते. शेवटी डिटेक्टिव्ह गुपचूप त्या खोलीत पलंगामागे दबा धरून बसतो. कुणीतरी येतं, पेटी पुढे ओढतं, भाता हलतो. चांदणं पट्ट्यांवर पडतं आणि त्याला बोटं दिसतात.

“बोटं बघून डिटेक्टिव्ह म्हंतो, तुम्ही?” अक्का थांबली. तिचे डोळे चमकत होते. “इंटरवल. घे नाव.”

कंपाउंडर माझ्या ओठांवर होता. इतकी वर्षं तोच तर होता. मी तोंड उघडलं आणि माझी नजर भिंतीजवळच्या पिशवीवर गेली. मी तोंड मिटलं.

“विचार करून सांगते,” मी म्हटलं.

“कामून? कंपाउंडर कंपाउंडर म्हणून आजवर डोस्कं खाल्लीस की माझं.”

“आता तसं वाटत न्हाई मला. पुढच्या आठवड्याला येते, तवा नाव घेते.”

ती माझ्याकडे बघत राहिली. कायदा तिचाच होता. नाव घेतल्याशिवाय पुढचं सांगायचं नाही. तिने मला वाटेल ते बोलून घेतलं. मी चप्पल घालून निघाले, आणि फाट्यापर्यंत मागे वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याचा फोन आला. आई गाडीत बसलीय, म्हणाला. बिदरपर्यंत तुला शिव्या घालायली आहे, पण बसलीय.

त्याला आता बरेच महिने झाले. मी दर आठवड्याला हुलसूरला जाते, ती विचारते, मी नाव घेत नाही. कधी म्हणते दोघांवर संशय आहे, कधी म्हणते मधला भाग पुन्हा सांग. ती पुन्हा सांगते, आणि दरवेळी इंटरवलला येऊन थांबते. आता ती विचारताना चिडत नाही, याचाच मला त्रास होतो. परवा तिने बिदरहून, मशीनला लावलेली असतानाच, भाच्याच्या फोनवरून फोन केला. आवाज फार बारीक झालाय तिचा.

“दमले गं मी,” ती म्हणाली. “घे की एकदा कुणाचं तरी नाव.”

“विचार करायलेय, अक्का,” मी म्हटलं. फोन ठेवला, आणि दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना त्या पिक्चर काढणाऱ्याला तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या.